सी३ कमी आलंय

व्हीडीआरएलची, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीची, बॅच लावायची असली की सकाळी लॅबमध्ये आल्या आल्या पहिलं काम वॉटरबाथचं बटण दाबायचं. छप्पन्न डिग्री, अर्धा तास. गरोदर बायका, रक्तदाते, नोकरीआधीच्या मेडिकलला आलेली पोरं, सगळ्यांचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, रॅकमध्ये ओळीने उभा आणि तो रॅक गरम पाण्यात. तापमान फार वर गेलं की सीरम गढूळ होतो, खाली राहिलं तर तापवणं न तापवणं सारखंच. म्हणून बाथमध्ये एक वेगळा थर्मामीटर टांगलेला असायचा. यंत्राच्या आकड्यावर आमच्या सिनियर बाईंचा विश्वास नव्हता, पुढे माझाही राहिला नाही. डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची, पोरं पोस्टिंगला आली की हमखास विचारायची, "मॅडम, हे तापवायचं कशाला?" उत्तर प्रॅक्टिकलच्या वहीत एका ओळीत असतं: कॉम्प्लिमेंट निष्क्रिय करण्यासाठी. पोरं ओळ उतरवून घ्यायची आणि चहाला पळायची.

बऱ्याच टेक्निशियनांची कॉम्प्लिमेंटशी, म्हणजे रक्तातल्या जंतू फोडणाऱ्या प्रथिनांशी, ओळख एवढ्यावरच थांबते. चाचणीत लुडबुड करणारं काहीतरी, ते आधी मारायचं आणि मग कामाला लागायचं. मला मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात पुढे इम्युनॉलॉजीच्या बाकावर बसवलं, तेव्हा जे रोज सकाळी मारत होते तेच मोजायची पाळी आली.

ही छप्पन्न डिग्रीची भानगड जुनी आहे. १८९५ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे नावाचा पंचविशीतला बेल्जियन डॉक्टर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता. कॉलऱ्याचे जंतू टोचून तयार केलेल्या प्राण्याचा ताजा सीरम त्या जंतूंना फोडून टाकायचा. तोच सीरम पंचावन्न डिग्रीपर्यंत तापवला की जंतू मजेत पोहत राहायचे. इथवर आल्यावर कुणीही म्हणेल की उष्णतेने सीरम नासला, विषय संपला. बोर्देने त्या 'नासलेल्या' सीरममध्ये भलत्याच एका प्राण्याचा, ज्याला कधी काही टोचलेलंच नाही अशाचा, थोडा ताजा सीरम घातला. या दुसऱ्या सीरमला एकट्याला जंतूंचं काही वाकडं करता येत नव्हतं. दोन्ही एकत्र आले आणि जंतू पुन्हा फुटायला लागले. म्हणजे काम दोघांचं होतं. एक, त्या विशिष्ट जंतूसाठी तयार झालेली आणि उष्णतेला दाद न देणारी गोष्ट. दुसरी, उष्णतेने मरणारी, पण कुणाच्याही रक्तात जन्मापासून असलेली आणि समोर कोण आहे याचं फारसं सोयरसुतक नसलेली. पहिलीला आपण आज अँटीबॉडी म्हणतो, दुसरी ती कॉम्प्लिमेंट. बोर्देंना १९१९ चं नोबेल मिळालं.

परळच्या माणसाला इथे हाफकिनची आठवण येणारच. वाल्डेमार हाफकिन त्याच पाश्चर इन्स्टिट्यूटमधून कॉलऱ्याचीच लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १८९६ मध्ये प्लेगने मुंबईला धरलं तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस बनवली. जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. बोर्दे पॅरिसला पोचले १८९४ मध्ये. एका वर्षाची चुकामूक. दोघांच्याही मागे माणूस एकच, जंतू गिळणाऱ्या पेशी शोधणारे मेचनिकॉफ. हाफकिन त्यांचे ओडेसातले विद्यार्थी, बोर्दे त्यांच्याच पॅरिसच्या प्रयोगशाळेत. परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमधल्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जाताना मला ही नातीगोती आठवतात. त्याचा रिपोर्टाला काही उपयोग नाही, पण बरं वाटतं.

तर कॉम्प्लिमेंट मोजणं. सीएच५० नावाची चाचणी ज्यांनी हाताने केली आहे त्यांना मेंढीचं रक्त विसरता येणार नाही. रक्त टिकवणाऱ्या अल्सेव्हर द्रावणात घेतलेलं ते रक्त बाटलीतून यायचं. ते सलाइनने धुवायचं, फिरवायचं, वरचं पाणी टाकायचं, पुन्हा धुवायचं, वरचं पाणी अगदी स्वच्छ दिसेपर्यंत. मग त्या पेशींवर सशात बनवलेली मेंढीविरोधी अँटीबॉडी बसवायची. आता या पेशी फुटायला टपलेल्या असतात, फक्त कॉम्प्लिमेंट हवं. रुग्णाच्या सीरमचे पातळ पातळ होत गेलेले नमुने ओळीने लावायचे, प्रत्येकात त्या पेशी घालायच्या आणि सदतीस डिग्रीला तासभर ठेवायचं. पहिल्या ट्यूबमध्ये सगळ्या पेशी फुटून पाणी पारदर्शक लाल होतं, शेवटच्या ट्यूबमध्ये सगळ्या पेशी तळाशी बटणासारख्या बसतात आणि वर बिनरंगाचं पाणी. मधे कुठेतरी निम्म्या फुटलेल्या असतात. तो आकडा. ल्युपस म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याच्या रुग्णाची ओळ पाहिली की पहिल्या-दुसऱ्या ट्यूबनंतरच लाल रंग संपलेला दिसायचा. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच निदान रॅकमध्ये उभं.

अर्थात खाली बसलेल्या बटणांचं कारण दर वेळी रोगच असतं असं नाही. मे महिन्यात विरार-कल्याणकडच्या कलेक्शन सेंटरचा नमुना एखाद्या पोऱ्याच्या बॅगेत दुपारभर लोकलमधून फिरला, की सीएच५० शून्याला टेकायचा आणि कॉम्प्लिमेंटमधली सी३, सी४ ही प्रथिनं वेगळी मोजली तर ठणठणीत यायची. कॉम्प्लिमेंट इतकं हळवं असतं. सीरम लगेच वेगळा करून गोठवा म्हणून कितीही वेळा सांगा, बर्फ वितळलेला आणि फॉर्मवर 'अर्जंट' लिहिलेलं. असा आकडा पाहून घाईने कुणाचा स्टेरॉइडचा डोस वाढू नये, म्हणून आम्ही आधी फोन करायचो: नमुना किती वाजता घेतला?

आता सी३ म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली तीसहून अधिक प्रथिनं. बहुतेक यकृतात बनतात आणि निष्क्रिय अवस्थेत फिरत असतात. त्यांत सगळ्यात जास्त असतं ते सी३, डेसिलिटरला साधारण ९० ते १८० मिलिग्रॅम. सी४ त्याच्या मानाने किरकोळ, १० ते ४०. क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नाही, त्यामुळे सी१ नंतर सी४ येतो, मग सी२, मग सी३. परीक्षेला बसणाऱ्या पिढ्यान् पिढ्या यावर वैतागल्या आहेत. साखळी सुरू व्हायचे तीन रस्ते. एक अँटीबॉडीवरून, सी१ च्या सी१क्यू या भागाने सुरू होणारा. दुसरा जंतूंच्या पृष्ठभागावरची साखर ओळखून. तिसऱ्याला तर निमित्तच लागत नाही. सी३ रक्तात आपला आपण, अगदी थोड्या प्रमाणात, सतत उघडत राहतो. कुणी बोलावलेलं नाही, जंतू नाही, जखम नाही, तरी.

हा तिसरा रस्ता लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. क्लीव्हलंडचे लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन मांडलं आणि अँटीबॉडीशिवायही कॉम्प्लिमेंट पेटू शकतं असं म्हटलं. त्यावरून मोठा वाद झाला. पिलेमर १९५७ मध्ये गेले, पन्नाशीही न गाठता. पुढच्या दशकांत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात प्रॉपर्डिन आहे.

सी३ उघडला की त्याचे दोन तुकडे होतात. छोटा सी३ए, तो आजूबाजूला सूज आणायला निघून जातो. मोठा सी३बी, आणि त्याच्या अंगात एक रासायनिक बंध असा असतो की क्षणार्धात जे जवळ सापडेल त्याला तो कायमचा चिकटतो. जंतू असो, मेलेली पेशी असो, आपल्याच मूत्रपिंडाची भिंत असो. रंगपंचमीच्या दिवशी गच्चीवरून फेकलेला रंग जसा खालून जाणाऱ्या कुणाच्याही अंगावर पडतो, तसं. फरक पुढे पडतो. ज्याच्या घरी नळाला पाणी आहे तो लगेच धुऊन टाकतो, भिंतीवरचा मात्र तसाच राहतो. आपल्या पेशींवर ही धुण्याची सोय असते. सीडी५५ आणि सीडी४६ नावाची प्रथिनं पेशीच्या अंगावरच बसलेली असतात, आणि रक्तातून फिरणारा फॅक्टर एच येऊन सी३बी धरतो, मग फॅक्टर आय तो कापतो. जंतूकडे यातलं काही नसतं. त्याच्यावर बसलेला एक सी३बी आणखी सी३ फोडतो, ते आणखी फोडतात. पुढे सी५ फुटतो, आणि शेवटी सी९ चे अठरा रेणू गोलाकार उभे राहून जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात, दहा नॅनोमीटरचं.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीत याला 'शरीराचे सैनिक' म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. सैनिकाला निदान गणवेश ओळखता येतो. इथे ओळखायचं काम ज्याच्यावर हल्ला होतो त्याचं आहे. 'मला सोड' असं प्रत्येक पेशीने दर क्षणाला म्हणायचं, जन्मभर. निरोगी माणसात हे नकार अखंड चालू असतात, म्हणून काही जाणवत नाही. रोग जिथे सुरू होतो तिथे बहुतेक वेळा असं झालेलं असतं की नकार कमी पडला, किंवा रंगच इतका पडला की नळ पुरला नाही.

मग यात नेमकं मूत्रपिंडच का सापडतं? याचं एक उत्तर मला फार आवडतं, कारण ते रचनेत आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना बारीक खिडक्या असतात आणि त्यांच्यामागे एक पातळ पडदा. तो पडदा पेशी नव्हे, त्यामुळे त्याच्यावर सीडी५५ नाही, सीडी४६ नाही. रक्तातून येणाऱ्या फॅक्टर एचवरच त्याची सगळी भिस्त. शिवाय रक्तातला अँटीबॉडींचा गाळ अडकायलाही हीच जागा. डोळ्याच्या पडद्यामागे असाच एक पेशीविरहित थर आहे, आणि फॅक्टर एचच्या जनुकातला एक छोटा फरक म्हातारपणी मध्यभागाची नजर जाण्याशी जोडलेला आहे, हे २००५ मध्ये एकाच वेळी अनेक गटांनी दाखवलं. डोळा आणि मूत्रपिंड, दोन टोकांचे अवयव, पण उघडं पडण्याचं कारण एकच.

पावसाळा सरता सरता, गणपतीच्या आसपास, बालरोग वॉर्डातून सी३ च्या चिठ्ठ्या वाढायच्या. दाटीवाटीच्या वस्तीतली मुलं, एका चादरीत तीन-तीन झोपणारी. एकाला खरूज झाली की सगळ्यांना. खाजवून खाजवून फोड होतात, त्यात स्ट्रेप्टोकॉकस शिरतो. फोड वाळतात, आई सुटकेचा श्वास सोडते, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी पोराचे डोळे सुजलेले, लघवी काळपट लाल, ब्लडप्रेशर चढलेलं. जंतू तोवर गेलेला असतो. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी आणि त्याचे अवशेष गाळणीत अडकलेले असतात आणि कॉम्प्लिमेंट तिथे पेटलेलं. अशा मुलाचा सी३ तीस-चाळीसवर आलेला दिसायचा, सी४ बहुधा जागेवर. रिपोर्टवर खाली बाण असतो. तो बाण आईला दिसतो.

"मॅडम, ह्याच्यात काय कमी आलंय? काय खायला घालू?"

खिडकीतून उत्तर द्यायला मिनिटभरही नसतं, पण या प्रश्नाला मी नेहमी थांबायचे. हिमोग्लोबिन कमी आलं तर पालक, बीट, लोहाच्या गोळ्या. बी१२ कमी आलं तर इंजेक्शन. मग सी३ कमी आल्यावर काय द्यायचं, हा प्रश्न अगदी सरळ आहे. सांगायचे की बाई, पोराचं यकृत सी३ भरपूर बनवतंय. तो खर्च होतोय. मीठ कमी करा, डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी द्या, आणि दोन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला या. सहा ते आठ आठवड्यांत सी३ आपसूक वर येतो. दूध-अंड्याने नव्हे, गाळणीतली आग विझते म्हणून. तीन महिने झाले तरी आला नाही, तर मात्र डॉक्टरांचे कान टवकारतात. मग बायोप्सी, आणि कधी कधी असं निघतं की त्या मुलात कॉम्प्लिमेंटचा लगामच सुटलेला आहे.

बायोप्सीचा तुकडा अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहायचा प्रसंग मला अनेकदा आला. दिवा बंद, डोळे सरावायला थोडा वेळ. मग काळ्या पार्श्वभूमीवर एकेक गाळणी पोपटी उजळते. फोडांनंतरच्या आजारात सी३ चे ठिपके दूरदूर विखुरलेले दिसतात. ल्युपसमध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडी, सी३, सी१क्यू, ज्या ज्या रंगाने पाहाल त्याने गाळणी पेटलेली. पॅथॉलॉजिस्ट त्याला 'फुल हाऊस' म्हणतात. रक्तात जे हरवलं होतं ते सगळं इथे सापडतं. त्या खोलीत एकदा उभं राहिलं की सी३ चा खाली गेलेला बाण पुन्हा तसा वाचता येत नाही.

माझ्या भाचीला ल्युपस झाला तेव्हा ती पंचविशीची होती, डोंबिवलीहून फोर्टला जाणारी. गालांवर चट्टे, बोटं सकाळी आखडलेली, आणि फास्ट लोकलसाठी प्लॅटफॉर्मच्या पत्र्याबाहेर उन्हात उभं राहिलं की दोन दिवस ताप. जानेवारीत छत्री उघडून उभी राहते म्हणून बायका हसायच्या तिला. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात, सगळ्यांच्याच मरतात, आणि त्यांचा कचरा उचलला जातो. ल्युपसमध्ये तो वेळेवर उचलला जात नाही, त्यातला डीएनए उघडा पडतो, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनतात, आणि पुढची साखळी तीच.

एका संध्याकाळी तिचा व्हॉट्सॲप: "मावशी, सी३ ४८, सी४ ६. आई म्हणते डाळिंब आणि गुळवेल चालू कर."

डाळिंब खा म्हटलं, गुळवेल नको. कोविडच्या वर्षी मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला, तो बाजूला ठेवू. पण जिची प्रतिकारयंत्रणा आधीच उलटली आहे तिला ती आणखी चेतवायचं औषध द्यायचं कशासाठी? कोविडनंतर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे 'इम्युनिटी बूस्टर'चं एक अख्खं कपाट उभं राहिलं आणि ते अजून हललेलं नाही. बूस्ट कशाला करायचं, कुठे, आणि थांबवायचं कुणी, हे त्या बाटल्यांवर कुठेही छापलेलं नसतं. माझी बहीण यावर माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. ती बाटली तिने स्वतःसाठी ठेवली.

भाचीने मग नेटवर वाचलं आणि विचारलं, कॉम्प्लिमेंटच त्रास देतंय तर ते बंदच करून टाकलं तर? प्रश्न बिनतोड वाटतो. पण ज्यांच्यात जन्मतः सी१क्यू नसतो, त्या थोड्या माणसांपैकी बहुतेकांना ल्युपसच होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य पुन्हा वाचलं होतं. कारण मेलेल्या पेशींवर खूण करून त्या उचलायला लावणं हे सी१क्यूचंच काम. अँटीबॉडींचे गठ्ठे सी३बीने माखले की लाल पेशी ते अंगावर चिकटवून यकृतापर्यंत वाहून नेतात. ही हमाली थांबली की कचरा साचतो, आणि तो साचला की साखळीचं पुढचं टोक पेटतं. एकाच यंत्रणेचं एक टोक सफाई करतं, दुसरं टोक नासधूस. नासधूस करण्यात सगळ्यात पुढे सी५ चा छोटा तुकडा, सी५ए. तो न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना हाका मारतो, ते येतात आणि जंतू सापडला नाही तरी आपली पाचक द्रव्यं तिथेच ओततात. डेंगूच्या गंभीर रुग्णांत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर पाझरतं, त्या सुमाराला हे ए-तुकडे रक्तात वाढलेले सापडतात.

आणि जंतू काही मूर्ख नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली आणि आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यात राहणाऱ्या निरुपद्रवी लेप्टोस्पायरा, म्हणजे या जंतूच्या जाती, माणसाच्या ताज्या सीरममध्ये टाकल्या की फुटतात. रोग करणाऱ्या जाती फुटत नाहीत. त्या आपलाच फॅक्टर एच स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतात. गटाराच्या पाण्यातून आलेला जंतू आपलीच ओळख पांघरून रक्तात फिरतो. पालिका आता पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते, ते म्हणूनच शहाणपणाचं. कॉम्प्लिमेंटच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही आम्ही बाकावर पाहिली. पीएनएच या रक्ताच्या रोगासाठीची हॅम्स टेस्ट आता कुणी करत नाही, पेशी एकेक करून तपासणारी फ्लो सायटोमेट्री आली. पण तेव्हा रुग्णाच्या लाल पेशी थोड्या आम्लता वाढवलेल्या ताज्या सीरममध्ये घालायच्या आणि पाहायचं. नॉर्मल माणसाच्या पेशी खाली बसतात. पीएनएच असलेल्याच्या डोळ्यांदेखत फुटतात आणि पाणी लाल होतं. शेजारच्या ट्यूबमध्ये तोच सीरम छप्पन्न डिग्रीला तापवून घातलेला असायचा, त्यात काही होत नसे. या रोगात अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत बिघाड होतो आणि तिच्या सगळ्या वंशजांच्या अंगावरून सीडी५५ आणि तसंच राखण करणारं सीडी५९ ही प्रथिनं गळून पडतात. जंतू नाही, अँटीबॉडी नाही. नुसता नकार नाहीसा झाला आणि रक्त फुटायला लागलं. जे मी वर म्हणत होते त्याचा याहून उघडा पुरावा मी पाहिलेला नाही.

याच रोगासाठी २००७ मध्ये एक्युलिझुमॅब आलं, सी५ ला अडवणारं. लाल पेशी फुटायच्या थांबल्या, रक्ताच्या बाटल्या कमी झाल्या. किंमत तेव्हा अमेरिकेत वर्षाला चार लाख डॉलरच्या घरात होती. आणि ते देण्याआधी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूची लस द्यावीच लागते, कारण शेवटचं भोक पाडायची सोय बंद झाली की नेमकं त्या जंतूचं फावतं. हृदयविकाराच्या झटक्यातही सी५ अडवून पाहिलं होतं. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडल्यावर परत आलेलं रक्त कॉम्प्लिमेंट घेऊन येतं आणि स्नायूला आणखी इजा करतं, हे जनावरांत स्वच्छ दिसलेलं. माणसांवरच्या पावणेसहा हजारांच्या चाचणीत, २००७ मध्येच, फायदा शून्य. तिसऱ्या रस्त्यावरचा फॅक्टर बी अडवणारी इप्टॅकोपॅनची कॅप्सूल २०२३ मध्ये पीएनएचसाठी आणि २०२५ मध्ये प्रौढांच्या सी३ ग्लोमेरुलोपॅथीसाठी अमेरिकेत मंजूर झाली. त्या लगाम सुटलेल्या आजारासाठी, म्हणजे निदान कागदावर तरी, औषध आहे.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगायला हवी. अटिपिकल एचयूएस या रोगात मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात. पाश्चात्त्य देशांत त्यामागे बहुधा जनुकीय दोष सापडतो. भारतीय मुलांत मात्र जवळपास निम्म्यांमध्ये फॅक्टर एचविरुद्ध अँटीबॉडी सापडतात. म्हणजे पोराच्या शरीराने स्वतःच्या लगामाविरुद्धच शस्त्र उपसलेलं. त्या अँटीबॉडी प्लाझ्मा बदलून काढता येतात, नव्या बनू नयेत म्हणून साधी, जुनी औषधं देता येतात, आणि वेळेत सुरू केलं तर बरीच मुलं डायलिसिसवरून उतरतात. लाखो डॉलर लागत नाहीत. लागते ती अँटीबॉडीची एक चाचणी, वेळेवर. एक लॅबवाली म्हणून मी हे जरा मोठ्याने सांगितलं तर समजून घ्या.

भाची आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि मायकोफेनोलेटवर आहे, स्टेरॉइड अगदी थोडं. ल्युपसवाल्या मुलींचा एक ग्रुप आहे तिचा, तिथे सगळ्या एकमेकींचे सी३ विचारतात, शाळेत मार्क विचारावेत तसे विचारतात असं तीच सांगते. त्यात एकीचा सी३ कित्येक वर्षं साठच्या पुढे गेलेला नाही आणि तिची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. दुसरीचा नॉर्मल होता आणि तरी पाय सुजले, कारण शरीरात दाह असला की यकृत सी३ जास्त बनवतं आणि खर्च झालेला झाकला जातो. त्यामुळे मी तिला एकट्या सी३ वर काही सांगत नाही. लघवीतलं प्रोटीन, डीएसडीएनए म्हणजे डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी, आणि मागच्या तीन वेळचे आकडे, सगळं एका ओळीत लाव, मग बोलू.

परवा पुन्हा फोन. "मावशी, सी३ बासष्ट!"

"प्रोटीन?"

"ते संध्याकाळी येणारे."

"मग संध्याकाळी कर फोन."

"तू ना, अगदी आमच्या डॉक्टरांसारखी बोलतेस."

"डॉक्टरांना हे आम्हीच शिकवलं," म्हटलं, आणि ठेवला. संध्याकाळी सातला मेसेज आला, तो नुसता स्क्रीनशॉट. क्रिएटिनीनचा कॉलम कापलेला होता. तो परत पाठवायला सांगितला.